'टेक'चे चाळीस अर्थ आणि एक किल्ली

आमच्या शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हरवलेली नाही. ती माझ्याकडे आहे. अठरा वर्षांपासून आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुख्याध्यापकांना नाही, शिपायाला नाही, बायकोलाही नाही. बायकोला ती एकदा माझ्या पँटच्या घडीत सापडली. "ही कशाची?" म्हणाली. मी म्हणालो, "जुन्या ट्रंकेची." ती किल्ली घेऊन स्टुलावर चढली, माळ्यावरच्या ट्रंकेला लावून बघितली, खाली उतरली आणि किल्ली माझ्या हातात देऊन स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

मी इंग्रजीचा मास्तर आहे. गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अलीकडचं. शिक्षण बी.एस्सी., तेही केमिस्ट्री घेऊन. पण मी लागलो त्याच वर्षी इंग्रजीचे सर दुसरीकडे गेले आणि तेव्हाचे हेडसर मला म्हणाले, "सायन्सची पुस्तकं इंग्रजीतच असतात ना? मंग झालं की." एवढ्यावर मी इंग्रजीचा झालो. माझा स्वभाव पहिल्यापासून गप्प बसणारा. गप्प बसणारा माणूस हुशार दिसतो, आणि एकदा हुशार दिसला की मग त्याला बोलायची सोय राहत नाही.

त्या दिवसांत सगळीकडे बोलक्या भिंतींचं वारं होतं. शाळेच्या भिंती नुसत्या पांढऱ्या ठेवायच्या नाहीत, त्यांच्यावर पाढे, नकाशे, म्हणी, पानाचे भाग असं काहीबाही रंगवायचं, म्हणजे जाता-येता पोरांच्या डोक्यात शिरतं. कल्पना चांगली होती. फक्त भिंत बोलते, ऐकत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पलीकडच्या गावातल्या शाळेनं 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचे पस्तीस अर्थ रंगवले. आमचे हेडसर मोटारसायकलवर जाऊन ते मोजून आले.

"त्यांचे पस्तीस," ते मला म्हणाले. "आपले चाळीस पाहिजेत. बिलकुल चाळीस. तुमच्याकडं आहे का असा एखादा शब्द?"

मी म्हणालो, 'टेक' आहे.

'टेक' म्हणजे घेणे, हे पाचवीच्या पोराला माहीत असतं. पण मी कपाटातली मोठी डिक्शनरी काढून बघितली तर या दोन अक्षरी शब्दानं आख्खी पानं अडवलेली. औषध घेतात तेही टेक आणि फोटो काढतात तेही टेक. बस पकडणं टेक, वेळ लागणं टेक. विमान उडतं ते टेक ऑफ आणि चप्पल काढणं हेसुद्धा टेक ऑफ. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "मंग सर, देवळाच्या पायरीशी लोक उडून राह्यलेत काय?" सगळ्यात गंमत परीक्षेची. आपण परीक्षा देतो, इंग्रज माणूस परीक्षा घेतो, म्हणजे खरं तर तोही देतच असतो. "मंग तिकडं मास्तर काय करतात?" असं पोरांनी विचारलं. मी म्हणालो, "पगार घेतात." तेवढा एक विनोद माझ्या नोकरीत मला वेळेवर सुचला.

आता कबुलीकडे येतो. डिक्शनरीतल्या त्या बारीक अक्षरांच्या पानांवर चाळीसहून जास्त अर्थ होते. पण अर्थ इंग्रजीत दिलेले होते, आणि मला त्यातले एकोणतीस समजले.

मी एकोणतिसांचा कागद घेऊन मैदानात आलो तर पेंटर चाचांनी भिंत आखून ठेवलेली. आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या या चाचांच्या हातच्या. इंग्रजी त्यांना येत नाही, पण अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. हेडसरांनी चाळीस सांगितले म्हणून त्यांनी निळ्या पट्ट्यांचे चाळीस रकाने मारले होते आणि डावीकडे आकडेही टाकून मोकळे झाले होते.

"चाचा, अकरा कमी पडतात," मी म्हणालो.

"सर, रकाने तर बराबर चाळीस मारले. पक्का ऑइलपेंट हाये. आता पुसायचं म्हंजी भिंत खरडावी लागंल." त्यांनी ब्रश कानामागे अडकवला. "मराठीत 'घेणं' कुठं कमी हाये? तेच इंग्लिश करून टाका ना जल्दी."

त्या क्षणी मला ते पटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण पटलं. टेक म्हणजे घेणे, मग मराठीत जिथे जिथे घेणे तिथे तिथे टेक. काढता पाय घेणे, टेक लेग. तोंडसुख घेणे, टेक माउथ हॅपिनेस. डोक्यावर घेणे, टेक ऑन हेड. कानोसा घेणे, टेक इअर. मी बोलत गेलो आणि चाचा लिहीत गेले. चौतिसाव्याला मी अडकलो तेव्हा चाचांनीच सुचवलं, "पदरात घेणं लिहा ना सर. चूक पदरात घेत्यात, लेकरू पदरात घेत्यात. चांगला शब्द हाये." पदराला इंग्रजी शब्द मला आठवेना. असणार तरी कुठून. पण पदर साडीलाच असतो, म्हणून मी 'टेक इन सारी' असं सांगितलं आणि चाचांनी ते फार सुंदर अक्षरात काढलं. 'सारी'च्या शेवटच्या अक्षराला त्यांनी आपल्या मनानं एक वेलबुट्टी पण काढली.

भिंत गाजली. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत वाचली. 'टेक माउथ हॅपिनेस'पाशी ते थोडे थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि "व्वा," म्हणाले. मला तेव्हा कळलं की साहेबही माझ्यासारखेच नोकरीला लागलेले असणार. एका शाळेचे मास्तर वही घेऊन आले आणि चाळीसच्या चाळीस उतरवून गेले. त्या शाळेवरून जाणारा रस्ता जवळचा आहे, पण मी अजून लांबून जातो.

फक्त एक मुलगी फसली नाही. आठवीत होती. बाप गवंडीकाम करायचा, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. ती पुढच्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारायच्या आधी हात वर करून तो दुसऱ्या हातानं धरून ठेवायची, जणू नाही धरला तर हात एकटाच निघून जाईल.

"सर, चौतीस नंबरचं समजलं न्हाई."

"काय नाही समजलं?"

"इंग्रज बाया फ्रॉक घालतात. त्यांच्यात पदर कुठून आला?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "इंग्रज आपल्या देशात दीडशे वर्षं राहिले. बघून बघून शिकले."

"पण सर, आपल्याकडं तर निजाम होता."

याचं उत्तर इतिहासाच्या सरांकडेही नसतं. मी "खाली बस" म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती टेंभुर्णीहून कोणाकडून तरी मागून आणलेली, पुठ्ठा निघालेली छोटी डिक्शनरी घेऊन हजर. "सर, यात न्हाई." मी म्हणालो, "ती छोटी आहे. छोटीत सगळं मावत नाही." यावर ती खूश होऊन म्हणाली, "मंग कपाटातली मोठी दाखवता का सर?"

पुस्तकांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. किल्ली माझ्या मोटारसायकलच्या किल्लीच्या जुडग्यात होती, आणि जुडगं माझ्या खिशात. मी खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचे दोन्ही, मागचा. चाचपताना किल्ली खिशात वाजली, तेव्हा मी खोकलो.

"हरवली वाटतं," मी म्हणालो.

खोटं एकदा बोलून भागत नाही. दुसऱ्या दिवसापासून आख्खी शाळा किल्ली शोधायला लागली. पोरांनी मैदान पालथं घातलं. शिपायानं तर पाण्याची टाकी उपसली. पुढे तो बहिणीकडे गेला होता तेव्हा जांब समर्थला जाऊन किल्ली सापडावी म्हणून नारळ बोलून आला. मी जुडग्यातून किल्ली काढून रुमालात बांधली, कारण चालताना वाजायची. कुलूप फोडू म्हटलं तर हेडसर म्हणाले, "कपाट डेड स्टॉक रजिस्टरवर हाये. फोडायचं म्हंजी ठराव, पंचनामा, सगळं आलं." डेड स्टॉक म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाची नोंद. तेव्हापासून दर वर्षी त्या रजिस्टरात एक ओळ लिहिली जाते, 'कपाट लोखंडी एक, कुलूपबंद. आतील पुस्तके बाहेरून तपासली.' एकदा हेडसरांनी जालन्याहून एक किल्लीवाला बोलावला. तो स्टँडवर उतरला आणि नेमका मलाच भेटला. मी त्याला सांगितलं, आज शाळेला सुट्टी आहे. तो बिचारा उलट्या गाडीनं परत गेला.

मुलगी मात्र रोज विचारायची. "सर, सापडली का?" महिनाभर विचारलं तिनं. मी रोज "नाही" म्हणालो आणि रोज रुमालाला हात लावून बघितला.

मग तालुक्याला इंग्रजी शब्दांची स्पर्धा लागली. चिठ्ठी उचलायची, जे क्रियापद निघेल त्याचे जमतील तितके अर्थ स्टेजवर म्हणायचे, आणि परीक्षक थांबवतील तिथे वाक्य करून दाखवायचं. आमच्या शाळेतून तीच जाणार हे उघड होतं. जायच्या आधी तिनं मला शेवटचं विचारलं, "सर, 'टेक' निघाला तर एकोणतीसच सांगू का? पुढचे मला…" मी तिला पूर्ण बोलू दिलं नाही. "भिंतीवर आहे ते सगळं सांगायचं. आपलं डोकं लावायचं नाही," असं मी म्हणालो. मास्तर म्हणून माझं सगळ्यात वाईट वाक्य कोणतं असं कोणी विचारलं, तर हेच.

आणि चिठ्ठी 'टेक'ची निघाली.

तिनं हात मागे बांधले आणि सुरुवात केली. एक, दोन, दहा, वीस. हॉल गप्प झाला. परीक्षक एक वयस्कर सर होते, ते प्रत्येक अर्थाला मान डोलवत होते. एकोणतीस झाले तेव्हा त्यांनी शेजारच्या बाईंना खुणेनं "बघा" असंही केलं. तिथे ती थांबली असती तर बक्षीस तिचंच होतं. तिनं श्वास घेतला आणि पुढे गेली. 'टेक लेग'ला परीक्षकांची मान डोलायची थांबली. 'माउथ हॅपिनेस'ला त्यांनी चष्मा काढला. 'ऑन हेड'ला चष्मा पुसला. 'टेक इअर'ला परत घातला. चौतिसाव्याला त्यांनी हात वर केला.

"थांब बाळ. याचं वाक्य कर."

ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "माय मदर टेक्स माय मिस्टेक्स इन सारी."

हॉल फुटला. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती, मास्तर लोक रुमाल तोंडाला लावून हसत होते. ती तशीच उभी.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"पुस्तकात न्हाई सर. भिंतीवर हाये."

"कोणाच्या भिंतीवर?"

"आमच्या शाळेच्या. ऑइलपेंटनं लिव्हलंय."

पुन्हा हशा. परीक्षकही हसले, पण त्यांनी हात करून हॉल गप्प केला आणि अगदी सरळ विचारलं, "तुझे सर आलेत का? त्यांच्याशी बोलतो मी."

मी तिसऱ्या रांगेत होतो. ती हॉलवर नजर फिरवायला लागली तसा मी खाली वाकलो आणि बुटाची लेस बांधायला लागलो. बांधता बांधता लक्षात आलं, मी सँडल घालून आलो होतो.

मी फरशीकडे बघत होतो. वर तिचा आवाज आला. "न्हाई सर. आमचे सर आज आले न्हाईत. आन् भिंतीवर बराबर हाये. मीच चुकीचं पाठ केलं."

मी वर बघितलं तेव्हा ती स्टेजच्या पायऱ्या उतरत होती.

परतीला आम्ही एकाच जीपमधून आलो, म्हणजे मी आलो होतो हे जीपमधल्या सगळ्यांना दिसत होतं. वाटेत जीप थांबली तेव्हा मी गरम भजी घेतली आणि तिच्यापुढे धरली. "नको सर, भूक न्हाई." बाकीच्यांनी दोन मिनिटांत संपवली. शाळेत पोचल्यावर हेडसरांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "परीक्षक कडक होते." त्यावर ते म्हणाले, "असतात काही काही. आपली भिंत बघितली न्हाई ना त्यांनी."

त्यानंतर पोरांनी तिला 'सारीवाली' असं नाव पाडलं. ते दोन वर्षं टिकलं, दहावीपर्यंत. ती चिडली नाही, भांडली नाही. पण तिनं माझ्या तासाला हात वर करणं बंद केलं. किल्ली सापडली का, हेही कधी विचारलं नाही. मी तिला दोनदा आपणहून विचारलं, "काही शंका?" ती उभी राहून "न्हाई सर" म्हणाली आणि बसली. ज्या मुलीनं निजामावरून मला गप्प केलं होतं, तिला आता काही शंका नव्हती. हे माझं काम. यात विनोद नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. हेडसर निवृत्त झाले. शिपायाची नोकरीही संपत आली आहे, भेटला की म्हणतो, "सर, तेवढा नारळ राह्यलाय माझा." आता तरुण मुख्याध्यापक आलेत. त्यांना भिंती नव्यानं रंगवून घ्यायच्या आहेत. चाचा म्हातारे झालेत, हात थोडा थरथरतो, पण ब्रश टेकला की थांबतो. परवा ते भिंतीसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "सर, तेच चाळीस ठेवायचे ना? रंग उडाला, पण मजकूर मजबूत हाये."

मी म्हणालो, सोमवारी सांगतो.

चाचा गेले आणि त्याच दिवशी पालक सभा होती. सभा संपली आणि मी मैदानातून येत होतो, तर भिंतीपाशी ती उभी, चौतीस नंबर विचारणारी. शेजारी तिची मुलगी, यंदाच आमच्याकडे पाचवीला आलेली. आई आता एका बियाण्याच्या कंपनीत आहे, स्कूटीवर फिरून शेतातले प्लॉट बघते. शेतकरी तिला मॅडम म्हणतात. अंगात फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला स्कार्फ, आणि चेहरा तोच.

"नमस्कार सर. चौतीस नंबर अजून हायेच की!"

"हो," मी म्हणालो. "रंग चांगला वापरला होता."

मुलगी भिंतीवर बोट फिरवत वाचत होती. "मम्मी, पदराला सारी म्हणतात का इंग्रजीत?"

"सरांना विचार. मला काय विचारती?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिनं हात वर केला. मैदानात, आम्ही तिघंच असताना, हात वर केला. "सर, हे डिक्शनरीत हाये का?"

"बघावं लागेल," मी म्हणालो. तोंडातून सवयीनं पुढचंही निघालं, "पण कपाटाची किल्ली…"

आणि मी थांबलो. तिची आई मोठ्यानं हसली. "अजून सापडली न्हाई? अठरा वर्षं झाली सर! किल्लीला पोरं झाली असतील आता." मीही हसलो. रुमाल पँटच्या खिशात होता आणि किल्ली रुमालात.

मग तिनं मुलीला पाणी पिऊन यायला पाठवलं. मुलगी टाकीकडे गेली. ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही तिसऱ्या रांगेत होते."

मी खिशातला रुमाल चाचपला.

"मला स्टेजवरून सगळं दिसून राह्यलं होतं. सँडलला लेस न्हाई राहत सर." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी कोणाला सांगितलं न्हाई. म्हटलं, सरांना काहीतरी अडचण असंल."

हा क्षण होता. मैदान रिकामं, मुलगी टाकीपाशी, किल्ली खिशात. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो तेही एकच वाक्य. मी म्हणालो, "चहा घेता का?"

"पुढच्या वेळी घेईन सर. प्लॉटवर जायचंय." तिनं मुलीला हाक मारली, दोघी स्कूटीवर बसल्या आणि फाटकातून बाहेर पडल्या. मुलगी मागे वळून भिंतीकडे बघत होती.

घरी आलो. बायकोनं माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "ट्रंकेचं काय झालं?" मी म्हणालो, काही नाही. वरणात मीठ होतं, पण मला लागलं नाही.

चाचा सोमवारी येणार आहेत. त्यांना मी अकरा रकाने कोरे ठेवायला सांगणार आहे, एवढं ठरवलं आहे. कपाट उघडून मोठी डिक्शनरी त्या पाचवीच्या मुलीपुढे ठेवायची, हेही ठरवलं आहे, आणि शिपायाला नारळ फोडायला गाडीत बसवून द्यायचं. पण हे सगळं सोपं आहे. हे भिंतीचं, कपाटाचं आणि देवाचं झालं. तिच्या आईचं देणं वेगळं आहे. तालुक्याच्या त्या हॉलमधली माणसं आता मला गोळा करता येणार नाहीत, म्हणून निदान आमच्या मैदानात, प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या पोरांसमोर आणि तिच्या मुलीसमोर, ती स्वतः हजर असताना मला हे सांगायचं आहे की तिचं बरोबर होतं, माझं चुकीचं होतं, किल्ली माझ्याकडे होती आणि मी त्या दिवशी आलो होतो. हे मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.